नऊ ठोके : क्यूक्रीक खाणीतली सुटका आणि आभारांचा हिशोब

२५ जुलै २००२, पहाटे पाचचा सुमार. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, सॉमरसेट काउंटीतल्या एका दुभत्या गाईंच्या शेतावर रात्री सुरू झालेला बोअर २४० फुटांवर एकदम मोकळा पडला. कोळशाच्या खाणीची पोकळी लागली होती. जेमतेम सहा इंची भोक आणि त्यात पोलादी नळी. वरच्या माणसांनी यंत्रं थांबवली, नळीवर हातोडीने ठोके दिले आणि श्वास रोखून उभी राहिली. खालून उत्तर आलं. काही वेळाने पुन्हा ठोके आले, या वेळी मोजून नऊ.

खाली नऊ माणसं अडकली होती. त्या ठोक्यांचा अर्थ वर कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

पुढे तीन दिवसांनी हे नऊच्या नऊ जण जिवंत वर आले. त्याबद्दल भरपूर लिहिलं गेलं आणि बहुतेक ठिकाणी एकच शब्द येत राहिला : चमत्कार. त्या शब्दाबद्दल मला आदर आहे. ज्यांची माणसं खाली होती त्यांनी त्या तीन रात्री देवाला साकडं घातलं होतं, आणि तो शब्द वापरायचा त्यांना पुरेपूर हक्क आहे. पण आपण लांबून बघणारे. आपण तेवढ्यावर थांबलो तर आभार मानायचेच राहून जातात. आभार मानायचे तर कुणी, कुठल्या घडीला, काय केलं हे ठाऊक असावं लागतं. म्हणून हे प्रकरण मी त्याच अंगाने मांडतो आहे. सुटकेच्या आनंदात कुणाचं काम दिसलं आणि कुणाचं दिसलं नाही, हे मला बघायचं आहे.

तीनशे फुटांचा विश्वास

क्यूक्रीक नंबर १ ही तशी नवी खाण होती. कोळशाचा थर साधारण चार फूट जाडीचा. म्हणजे आत शिरलेल्या माणसाला पूर्ण पाळीभर ताठ उभं राहता येत नाही. वाकून, गुडघ्यांवर, बसून काम करायचं. शेजारी एक जुनी, १९६० च्या दशकात बंद पडलेली खाण होती. हॅरिसन नंबर २ हे तिचं नाव, लोक तिला सॅक्समन खाण म्हणत. बंद खाणीत वर्षानुवर्षं पाणी साठत जातं. विहिरीसारखं दिसत नाही, आवाज करत नाही. डोंगराच्या पोटात एक आडवं तळं तयार होतं आणि वर शेतं पिकत राहतात.

कामगारांकडे जो नकाशा होता त्यात ही जुनी खाण अजून सुमारे तीनशे फूट लांब होती. २४ जुलैच्या बुधवारी रात्री नऊच्या आसपास कोळसा कापणारं यंत्र पुढे सरकलं, भिंत फुटली आणि पाणी आत कोसळलं. नंतरच्या अंदाजानुसार खाणीत पाच कोटी गॅलनांहून जास्त पाणी शिरलं. गॅलनांचा तो आकडा डोळ्यांपुढे उभा राहत नाही; कमरेएवढ्या उंचीच्या बोगद्यात नदी सोडली असं समजावं.

त्या वेळी खाणीत अठरा माणसं होती. नऊ जिथे पाणी फुटलं तिथे, आणि नऊ दुसऱ्या भागात.

पहिला निरोप

या संबंध प्रकरणात माझ्या मनात सगळ्यात वर आहे तो एक फोन.

पाणी फुटल्यावर पहिल्या तुकडीतल्या एकाने खाणीतल्या फोनवरून दुसऱ्या तुकडीला कळवलं : पाणी आलंय, निघा. ते निघाले. वाढत्या पाण्यातून धडपडत, छतापर्यंत पाणी चढायच्या आत बाहेर पडले. नऊच्या नऊ. ज्यांनी निरोप दिला त्यांची वाट मात्र बंद झाली. खाणीचं तोंड तिथून दीड मैलांच्या आसपास होतं आणि मधला सखल भाग पाण्याने भरला होता.

हे नीट लक्षात घ्यायला हवं. क्यूक्रीकमध्ये वाचलेल्या माणसांचा आकडा नऊ सांगतात. खरं म्हणजे त्या रात्री अठरा जण वाचले, आणि त्यातल्या पहिल्या नऊ जणांना अडकलेल्या नऊ जणांनी वाचवलं. बोअर घेणारी पोलादी रिग, सरकारी अधिकारी, कॅमेरे, मदत पथकं हे सगळं यायच्या आधी, अंधारात, पाणी पायांशी वाढत असताना एक सुटका पार पडली होती. ज्या माणसाला स्वतःचं पुढचं ठाऊक नाही त्याच्या मनात दुसऱ्या तुकडीची आठवण आली, यापेक्षा मोठं कौतुक मला कशाचं करता येत नाही.

आत आणखी एक प्रसंग घडला. यंत्र चालवणारा कामगार पाण्याच्या लोंढ्यापलीकडे एकटा पडला. मधून पाणी इतक्या जोरात वाहत होतं की चालत ओलांडणं अशक्य. तासांमागून तास गेले. शेवटी फोरमनने कोळसा उचलणारं यंत्र पाण्याच्या कडेपर्यंत नेलं, त्याचा खोरा लोंढ्यावर पुढे धरला आणि त्या माणसाने त्यात उडी घेतली. नऊ जण पुन्हा एका जागी आले.

मग त्यांनी सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती रचून पाणी अडवायचा प्रयत्न केला. पाणी भिंती ओलांडून आलं. हवा विरळ होत चालली होती, धाप लागत होती. चार फूट उंचीच्या जागेत, साधारण तेरा अंश सेल्सियसच्या पाण्यात भिजलेली माणसं उंच जागा शोधत मागे सरकत होती.

जागा कुठे धरायची

वर काय चाललं होतं? बोअर कुठे मारायचा हा पहिला प्रश्न. आपल्याकडेही बोअर घेणाऱ्यांना माहीत असतं, दहा फूट इकडे-तिकडे झालं की पाणी लागत नाही. इथे तर २४० फूट खाली जेमतेम काही फूट रुंदीच्या बोगद्यात नेमकं उतरायचं होतं. आजूबाजूला कोळशाचे खांब सोडलेले असतात. खांबात बोअर गेला तर खाली नुसता कोळसा लागणार आणि रात्र वाया जाणार.

अभियंत्यांनी खाणीचा नकाशा घेऊन विचार केला : पाणी चढत असेल तर अनुभवी खाणकामगार कुठे जातील? जवळच्या सगळ्यात उंच जागी. मग उपग्रहाच्या साहाय्याने मोजमाप करून वर शेतात नेमकी ती जागा धरली आणि खूण केली. बोअर बरोबर पोकळीत उतरला. वरच्यांनी खालच्यांच्या जागी स्वतःला ठेवून विचार केला, आणि खालच्यांनी तेच केलं होतं. एकमेकांशी एक शब्दही न बोलता दोन्ही बाजू एकाच जागी पोचल्या. एकाच धंद्यात उमर गेलेल्या लोकांमध्येच हे होतं.

शेताच्या मालकाने रात्रीतून आपली जमीन या कामाला मोकळी करून दिली. गाड्या आल्या, कॉम्प्रेसर आले, पाइप आले, पीक तुडवलं गेलं. त्याबद्दल त्याने कुरकुर केली नाही.

उपडा पेला

नऊ ठोके आल्यावर आनंद झाला खरा, पण पाणी चढतच होतं. इथे जो निर्णय झाला तो समजून घेण्यासारखा आहे.

पेला उपडा करून पाण्याच्या बादलीत दाबला की आत हवा अडकते आणि पाणी वर येत नाही. खाणीची ती उंच जागा म्हणजे उपडा पेला. त्या सहा इंची नळीतून दाबाखालची हवा सतत आत सोडत राहायचं, नळीभोवतीची फट बुजवायची, आणि हवेच्या दाबाने पाणी मागे रेटून धरायचं, असं ठरलं. दाबल्यामुळे हवा तापते, त्यामुळे नळीतून येणारी हवा गरम होती. गारठलेली माणसं आळीपाळीने त्या नळीजवळ बसून अंग शेकत. श्वास, ऊब आणि पाण्याला अडसर, तिन्ही गोष्टी एका नळीतून गेल्या.

याची दुसरी बाजूही होती. दाबाखालच्या हवेत दिवस काढलेल्या माणसाला एकदम बाहेर काढलं तर पाणबुड्यांना होतो तसा त्रास होऊ शकतो. म्हणून अमेरिकी नौदलाकडून दाब हळूहळू कमी करायच्या टाक्या मागवून शेतावर आणून ठेवल्या. आणि मोठा बोअर पोकळीत उतरायच्या घडीला हवा एकदम निसटली तर पाणी उसळून नऊ जणांना गाठेल, म्हणून त्याआधी पाण्याची पातळी पुरेशी खाली आणायला हवी होती. खाणीच्या तोंडाशी आणि नव्याने घेतलेल्या बोअरमध्ये पंप लावून रात्रंदिवस उपसा सुरू झाला. बातम्यांत बोअर दिसत होता. पंपांकडे कॅमेरा क्वचितच वळला, पण पंप चालवणारे थांबले असते तर त्या बोअरचा काही उपयोग नव्हता.

बिट तुटलं

माणूस वर काढायचा तर सहा इंच पुरत नाहीत. गुरुवारी संध्याकाळी तीस इंची बोअर सुरू झाला. मध्यरात्रीनंतर, सुमारे शंभर फुटांवर, बिट, म्हणजे खडक कापणारं टोक, तुटून भोकातच अडकलं.

ज्यांनी बोअरचं काम जवळून पाहिलं आहे त्यांना अडकलेलं बिट म्हणजे काय हे सांगायला नको. वर मशीन धड आहे, माणसं ताजी आहेत, आणि भोकाच्या तळाशी अर्ध्या टनाहून जड पोलाद रुतून बसलं आहे. ते निघाल्याशिवाय एक इंच पुढे जाता येत नाही. बाहेर काढायला हत्यार लागतं, आणि त्या तुटलेल्या तुकड्याच्या मापाचं हत्यार बाजारात तयार मिळत नाही.

राज्यातल्याच एका कारखान्यात ते बनवायला घेतलं. एरवी ज्याला काही दिवस लागतात ते काम तिथल्या कारागिरांनी काही तासांत उरकलं आणि हेलिकॉप्टरने शेतावर पोचवलं. मी या जागी नेहमी थांबतो. लेथवर उभा असलेला तो माणूस खाणीपासून कितीतरी लांब आहे. अडकलेल्यांपैकी कुणी त्याचा नात्यातला नाही. त्याला दिलंय काय, तर एक माप. आणि ते माप सूतभर चुकलं तर हत्यार तुकड्यावर बसणार नाही, हे त्याला कळतंय. घाई करायची आहे आणि चूक करायची नाही. शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास बिट वर आलं.

दरम्यान एका बाजूला दुसरा बोअर सुरू केला होता, पहिला फसला तर हाती काही असावं म्हणून. त्या रिगवरच्या माणसांचं कामही या सुटकेतच धरलं पाहिजे. त्यांच्या भोकातून कुणी वर आलं नाही म्हणून त्यांचे कष्ट वाया गेले असं मला वाटत नाही. पहिला बोअर पुन्हा अडला असता तर नऊ घरांची आशा त्या दुसऱ्या रिगवर होती.

बादली

खाली काय चाललं होतं ते नंतर कळलं. गुरुवारी दुपारनंतर वर ऐकू येणारे ठोके थांबले, कारण पाणी वाढलं आणि माणसांना नळीपासून लांब, आणखी उंच सरकावं लागलं. वर मात्र नुसती शांतता. खाली, यंत्राचा आवाज बंद झाला तेव्हा आपल्याला सोडून दिलं की काय, अशी शंका येणं स्वाभाविक होतं.

पाणी अगदी जवळ आलं तेव्हा त्यांनी घरच्यांसाठी चिठ्ठ्या लिहिल्या. एक पेन, काही कागद. चिठ्ठ्या प्लास्टिकच्या बादलीत घालून तिचं झाकण घट्ट लावलं, पाण्यात त्या भिजू नयेत म्हणून. मग नऊ जणांनी स्वतःला एकमेकांशी केबलने बांधून घेतलं. गेलो तर सगळे एका जागी सापडावेत, कुणाच्या घरच्यांना दिवसेंदिवस ताटकळत बसावं लागू नये, एवढाच त्यामागचा विचार. मरणाच्या दारात बसून ही माणसं शोध घेणाऱ्यांची सोय बघत होती.

एकाचा जेवणाचा डबा सापडला. आतलं सँडविच कोरडं होतं. ते नऊ जणांत फिरलं.

हे वाचून अंगावर काटा येतो, पण मला त्यात नुसतं शौर्य दिसत नाही. खाणीत काम करणाऱ्यांची एक रीत आहे, शेजारच्याची सतत खबर ठेवायची. छत दुसऱ्याच्या डोक्यावरही तेच असतं. रोजच्या पाळीत हजार वेळा पाळलेली ती रीत त्या तीन दिवसांत तशीच पुढे चालू राहिली.

अग्निशमन दलाच्या हॉलमधली माणसं

नऊ जणांचे नातेवाईक साइप्सव्हिल नावाच्या लहान गावातल्या स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जमले होते. तिथे कुणी खाणं आणलं, कुणी अंथरूण-पांघरूण, धर्मगुरू आले, शेजारीपाजारी नुसते येऊन बसले. हा तोच जिल्हा होता जिथे जेमतेम दहा महिन्यांपूर्वी, ११ सप्टेंबर २००१ ला, शँक्सव्हिलजवळ अपहरण झालेलं फ्लाइट ९३ हे विमान कोसळून चाळीस प्रवासी आणि कर्मचारी गेले होते. तिथे मदत करणाऱ्यांना कुणाला वाचवता आलं नव्हतं. ती जखम ताजी असताना हे लोक पुन्हा रात्रभर जागत होते, आणि या वेळी वाचवता येण्यासारखं कुणीतरी होतं. तिथल्या नंतरच्या आनंदात एवढे अश्रू का होते, ते यावरून समजतं.

राज्याचे गव्हर्नर मार्क श्वाइकर या काळात तिथे होते. त्यांनी एक नियम पाळला : कुठलीही बातमी आधी कुटुंबांना, मग पत्रकारांना. बरी असो की वाईट. बिट तुटल्याचं त्यांनी लपवलं नाही. संकटात नेता काय करतो याची चर्चा होते तेव्हा भाषणांची आठवण काढतात. मला वाटतं, हॉलच्या दारातून आत जाऊन बायका-मुलांसमोर उभं राहून “काम थांबलंय” असं सांगणं जास्त अवघड आहे. नातेवाइकांनी नंतर त्यांचे आभार मानले त्यात सत्तेपुढचा आदर कमी आणि या सरळपणाची कदर जास्त होती, असं माझं मत आहे.

शनिवारी रात्री सव्वादहाच्या सुमारास मोठा बोअर पोकळीत उतरला. हवेचा दाब आणि पाणी दोन्ही आटोक्यात होतं. सहा इंची नळीतून बोलण्याचं यंत्र खाली सोडलं. खालून आवाज आला. नऊच्या नऊ जण होते.

खाण सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेची पोलादी कॅप्सूल, बावीस इंच रुंदीची, खाली सोडली गेली. खांदे आखडून, हात अंगाशी धरून एका माणसाने कसंबसं मावावं एवढीच ती. रविवारी पहाटे एकच्या सुमारास पहिला माणूस वर आला : फोरमन, कारण त्याच्या छातीत दुखत होतं. त्याच्यानंतर जास्त वजनाचे आधी आणि हलके नंतर, असा क्रम लावला, कारण खाली शेवटी राहणाऱ्याला आत चढायला मदत करणारं कुणी उरत नाही. पावणेतीन वाजता नववा माणूस वर आला. तो कोण? पहिल्या तासांत लोंढ्यापलीकडे एकटा अडकला होता, तोच.

अडकल्यापासून सुमारे सत्त्याहत्तर तास झाले होते. “नऊपैकी नऊ” हे शब्द दुसऱ्या दिवशी दुकानांच्या पाट्यांवर, चर्चच्या फलकांवर, गाड्यांच्या काचांवर लागले.

आभार कुठवर पोचले

५ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी पिट्सबर्गजवळ कामगारांची आणि मदत करणाऱ्यांची भेट घेतली. डिस्ने कंपनीने पुस्तक आणि दूरचित्रपटासाठी नऊ जणांशी करार केला, प्रत्येकाला दीड लाख डॉलर. ज्या शेतात बोअर घेतला तिथे स्मारक उभं राहिलं, आणि त्या सुटकेची आठवण सांगणारं एक लहान केंद्रही.

हे सगळं योग्यच झालं. माझी खंत एवढीच की कौतुकाचा झोत फार अरुंद असतो. करार झाला तो अडकलेल्या नऊ जणांशी. निरोप मिळून पाण्यातून बाहेर पडलेले दुसरे नऊ, ज्यांनी त्या रात्री मृत्यूला इतक्याच जवळून पाहिलं, आणि वर येताच आपले सोबती मागे राहिल्याचं ओझं घेऊन तीन दिवस काढले, त्यांच्या वाट्याला त्या मानाने फार थोडं आलं. पंपवाले, वेल्डर, कॉम्प्रेसरवर पहारा देणारे, हॉलमध्ये भांडी घासणारे, यांच्या वाट्याला तर त्याहून कमी. कुणी मुद्दाम वगळलं असं नाही. चेहरे दिसतात त्यांचेच आभार मानले जातात, एवढंच.

फोरमन पुढे पुन्हा खाणीत कामाला गेला. बहुतेकांनी मात्र भूमिगत काम सोडलं. ज्यांनी सोडलं त्यांच्याबद्दलही मनात तितकाच आदर ठेवायला हवा.

नकाशा

आता ज्या गोष्टीशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही, तिच्याकडे येतो. पाणी आलं कुठून हे ठाऊक होतं. पाणी तिथे आहे हे नकाशावर का नव्हतं?

केंद्रीय चौकशीने मूळ कारण स्पष्ट नोंदवलं : जुन्या खाणीचा जो नकाशा वापरला गेला त्यावर तारीख नव्हती, तो प्रमाणित नव्हता, आणि खाण शेवटी जिथवर खोदली गेली ते त्यात आलंच नव्हतं. अंतिम नकाशा अस्तित्वात होता. अपघातानंतर तो विंडबर गावातल्या कोळसा-वारसा संग्रहालयात सापडला.

ही बातमी वाचून मन खिन्न होतं. कागद होता. कुणीतरी तो जपूनही ठेवला होता. ज्यांना त्याची गरज होती त्यांच्या टेबलावर मात्र तो आला नाही. जुन्या खाणींचे मालक बदलतात, कंपन्या बुडतात, निरीक्षक निवृत्त होतात, कागद माळ्यावर जातात. जमिनीखालचं पाणी मात्र जागा सोडत नाही.

श्वाइकर यांनी बेवारस खाणींच्या पोकळ्या आणि खाण सुरक्षा यांवर आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष होते पेन स्टेट विद्यापीठातले खाण अभियांत्रिकीचे प्राध्यापक राजा रमणी, धनबादच्या इंडियन स्कूल ऑफ माइन्सचे माजी विद्यार्थी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आयोगाचा अहवाल आला. जुने नकाशे शोधून, स्कॅन करून एका जागी आणायच्या कामाला गती मिळाली, आणि २००८ मध्ये पेनसिल्व्हेनियाने आपला कित्येक दशकं जुना कोळसा खाण सुरक्षा कायदा नव्याने लिहिला. जुन्या दप्तरातला नकाशा शोधून त्यावर तारीख घालणाऱ्या कारकुनाला कुणी हार घालत नाही. पण पुढच्या नऊ जणांना तोच वाचवणार आहे, आणि कुणाला वाचवलं हे त्याला कधी कळणारही नाही.

धनबादचा उल्लेख आला तर आपल्याकडचं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९७५ च्या डिसेंबरात धनबादजवळ चासनाला खाणीत पाणी घुसलं आणि सुमारे पावणेचारशे कामगार गेले. १९८९ च्या नोव्हेंबरात राणीगंजच्या महावीर खाणीत पाणी शिरलं, एकाहत्तर जण अडकले, सहा बुडाले. उरलेल्या पासष्ट जणांसाठी बोअर घेतला, पोलादी कॅप्सूल तिथेच बनवून घेतली, आणि अभियंता जसवंतसिंग गिल स्वतः तिच्यातून खाली उतरले. एकेकाला वर पाठवून शेवटी आपण आले. तेही धनबादचेच विद्यार्थी. १९९१ मध्ये त्यांना सर्वोत्तम जीवन रक्षा पदक मिळालं. क्यूक्रीकच्या तेरा वर्षं आधीची ही गोष्ट.

आणि डिसेंबर २०१८ मध्ये मेघालयात कसान इथे एका बेकायदा ‘रॅट होल’ (उंदराच्या बिळासारख्या अरुंद) खाणीत पाणी शिरून किमान पंधरा मजूर अडकले. नौदलाचे पाणबुडे आले, पंप आले. पण आत खाण कशी गेली आहे हे सांगणारा नकाशा कुणाकडे नव्हता. एकही जण जिवंत परतला नाही. तिथेही लोक जिवाचं रान करत होते. क्यूक्रीकच्या लोकांचं कौतुक करताना कसानमध्ये आठवडेच्या आठवडे पाणी उपसणाऱ्यांना मी विसरू शकत नाही. त्यांच्या कष्टांत काही कमी नव्हतं; त्यांच्या हाती बोअर कुठे मारायचा हे सांगणारा कागद नव्हता.

कर्ज पुढे कसं फिटतं

ज्यांनी जीव वाचवला त्यांचे उपकार फेडता येत नाहीत, असं आपण म्हणतो. क्यूक्रीकच्या बाबतीत एक धागा मला हाती लागला, तो सांगून थांबतो.

सॉमरसेट काउंटीत बर्लिन नावाचं एक लहान गाव आहे. तिथे सेंटर रॉक ही खडक फोडणारी ड्रिल बनवणारी कंपनी. तिचे प्रमुख ब्रँडन फिशर २००२ मध्ये क्यूक्रीकच्या बचावकामात होते. २०१० मध्ये चिलीतल्या सान होसे खाणीत तेहेतीस कामगार अडकले. ती कोळशाची खाण नव्हे, तांब्या-सोन्याची, आणि खोली कितीतरी जास्त. सुटकेसाठी एकाच वेळी तीन ठिकाणी बोअर सुरू झाले. फिशर आणि त्यांचे लोक आपली ड्रिल घेऊन चिलीला गेले आणि ‘प्लॅन बी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बोअरवर काम करू लागले. तिथेही वाटेत लोखंड अडकलं, ड्रिल तुटलं, काम थांबलं, आणि पुन्हा सुरू झालं.

९ ऑक्टोबरला तिन्हींपैकी तोच बोअर सगळ्यांत आधी कामगारांपर्यंत पोचला. चार दिवसांनी त्यातून एकेक करून तेहेतीस जण वर आले.